मिफिरचे ६५ रकाने भरण्याआधी

युरोपियन युनियनमध्ये गुंतवणूक सेवा देणाऱ्या प्रत्येक फर्मला तिने केलेल्या सौद्याचा तपशील पुढचा कामाचा दिवस संपायच्या आत नियामकाला कळवावा लागतो. हा नियम मिफिर या युनियनच्या वित्तीय बाजारांच्या कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे, आणि नेमकं काय कळवायचं ते आरटीएस २२ या तांत्रिक नियमावलीत. रकाने एकूण ६५. मिफिरच्या आधीच्या कायद्याच्या, म्हणजे पहिल्या मिफिडच्या काळात हे रकाने पंचविसाच्या आत होते, आणि त्यांत ग्राहकाची जन्मतारीख किंवा निर्णय घेणाऱ्या ट्रेडरचा वैयक्तिक ओळख क्रमांक असलं काही नव्हतं.

मिफिड दोन आणि मिफिर २०१४ मध्ये मंजूर झाले. ते लागू व्हायचे होते ३ जानेवारी २०१७ ला. प्रत्यक्षात झाले ३ जानेवारी २०१८ ला. एक वर्ष पुढे ढकलण्याचं कारण कायद्याचा मजकूर अपुरा होता हे नव्हतं. एवढा डेटा गोळा करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि देशोदेशीच्या नियामकांमध्ये फिरवणाऱ्या यंत्रणा वेळेत उभ्या राहणार नव्हत्या. म्हणजे खुद्द नियामकांनाही कायद्यापेक्षा डेटाच जड गेला. फर्मच्या आतही तेच होतं, फक्त तिथे ते उशिरा लक्षात येतं.

तयारीची नेहमीची पद्धत अशी: कम्प्लायन्सवाले नियम वाचतात, ६५ ओळींची एक्सेल शीट बनवतात आणि आयटीकडे देतात, की प्रत्येक रकाना कुठल्या सिस्टिममधून येणार ते लिहा. आयटी प्रामाणिकपणे शोधतं आणि तीसेक रकान्यांपुढे ‘उपलब्ध नाही’ लिहून शीट परत पाठवतं. मग ते रकाने डिफॉल्ट मूल्यांनी भरले जातात आणि प्रकल्प ‘पूर्ण’ होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चूक शेवटच्या एक्सएमएल फाइलमध्ये दिसते, पण ती झालेली असते ग्राहकाचं खातं उघडताना, नाहीतर ऑर्डर घेताना. म्हणून तयारीची सुरुवात रिपोर्टिंग सिस्टिमपासून करू नका. ती सगळ्यात सोपी बाब आहे, बाजारात विकतही मिळते.

हा सौदा आपण कळवायचा का?

पहिला प्रश्न हा, आणि त्याला दोन बाजू आहेत: साधन (शेअर, बाँड यांसारखं) कळवण्याजोगं आहे का, आणि आपण केलेली कृती नियमाच्या भाषेत ‘सौदा’ ठरते का.

साधनांच्या तीन जाती आहेत. युनियनमधल्या एखाद्या ट्रेडिंग व्हेन्यूवर, म्हणजे एक्सचेंज किंवा तत्सम बाजारावर, नोंदलेलं, व्यवहारात असलेलं किंवा नोंदणीसाठी अर्ज केलेलं साधन, ही पहिली. ज्या डेरिव्हेटिव्हचं (दुसऱ्या साधनावर बेतलेल्या कराराचं) मूळ साधन अशा व्हेन्यूवर चालतं ते, ही दुसरी. आणि अशा साधनांच्या निर्देशांकावर किंवा बास्केटवर बेतलेलं डेरिव्हेटिव्ह, ही तिसरी. फसगत होते ती तिसऱ्या जातीत. अमेरिकी शेअरच्या बास्केटवरचा ओटीसी (एक्सचेंजबाहेर, दोन पक्षांत थेट झालेला) स्वॅप ‘युरोपबाहेरचा’ म्हणून सोडून दिला जातो, पण त्या बास्केटमधला एक जरी शेअर युरोपातल्या एखाद्या व्हेन्यूवर चालत असला तरी सौदा कळवावा लागतो. आणि मोठे अमेरिकी शेअर जर्मनीतल्या प्रादेशिक बाजारांत हटकून सापडतात.

एस्मा ही युनियनची बाजार नियामक संस्था रोज फर्ड्स नावाची यादी प्रसिद्ध करते. तिच्यात व्हेन्यूंवर चालणाऱ्या साधनांचे आयसिन (ओळख क्रमांक) आणि त्यांच्या सुरुवातीच्या व शेवटच्या तारखा असतात. इथे दोन पथ्यं. तपासणी सौद्याच्या तारखेशी करायची, आजच्या यादीशी नाही. त्यामुळे जुन्या याद्या टाकून देऊ नका. आणि फर्ड्समध्ये आयसिन नाही एवढ्यावरून ओटीसी डेरिव्हेटिव्ह वगळू नका, त्याच्या मूळ साधनाचा आयसिन शोधा.

‘सौदा’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे, पण तिला अपवादही आहेत. शेअर उसने देण्यासारखे सिक्युरिटीज फायनान्सिंगचे व्यवहार, केवळ क्लिअरिंग किंवा सेटलमेंटसाठी निर्माण झालेले करार, निव्वळ कस्टडीतून होणारी हलवाहलव, लाभांशाची पुनर्गुंतवणूक योजना, पोर्टफोलिओ कम्प्रेशन ही त्यांतली नेहमी लागणारी उदाहरणं.

अनेकांना वाटतं की शंका असेल तर पाठवून द्यावं, जास्त पाठवलं म्हणून कोण ओरडणार? ओरडतात. मार्च २०१९ मध्ये ब्रिटनचा नियामक एफसीए याने यूबीएस या बँकेला सुमारे २ कोटी ७६ लाख पौंडांचा दंड केला. पहिल्या मिफिडच्या नियमांखालच्या १३.५८ कोटी रिपोर्टांमधल्या चुकांबद्दलचा हा दंड होता, आणि त्यातले ४.९१ कोटी रिपोर्ट मुळात पाठवायचेच नव्हते. त्याच महिन्यात गोल्डमन सॅक्स इंटरनॅशनलला ३ कोटी ४३ लाख पौंडांचा दंड झाला; तिथेही ६६ लाख अनावश्यक रिपोर्ट होते. बाजारातली लबाडी शोधणाऱ्या यंत्रणेत न कळवायचे सौदे भरले, तर ती यंत्रणा आंधळी होते. नियामकाची तक्रार रास्त आहे.

या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. पोर्टफोलिओ मॅनेजर बहुतेक वेळा स्वतः बाजारात उतरत नाही, ऑर्डर ब्रोकरकडे देतो. आरटीएस २२ च्या कलम ४ नुसार ग्राहकाच्या ओळखीसह सगळा ठरावीक तपशील ब्रोकरला दिला आणि ब्रोकरने तो आपल्या रिपोर्टमध्ये घालायचा लेखी करार केला, तर मॅनेजरला वेगळा रिपोर्ट करावा लागत नाही. कागदावर हे आकर्षक दिसतं. पण आपल्या ग्राहकांची नावं आणि जन्मतारखा दहा ब्रोकरांच्या हाती द्यायची तयारी फार थोड्यांची असते, आणि तपशिलातला एक तुकडा जरी राहिला तरी सूट गेली. माझा कौल स्वतः रिपोर्ट करण्याकडे आहे. ते करताना मात्र व्हेन्यूच्या रकान्यात एक्सचेंजचा मिक कोड (बाजाराचा ओळख कोड) घालायचा नाही. एक्सचेंजवर सौदा ब्रोकरने केला, मॅनेजरने नाही. मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये समोरचा पक्ष ब्रोकर आणि व्हेन्यू ‘एक्सऑफ’, म्हणजे व्हेन्यूबाहेरचा सौदा. ब्रोकरच्या कन्फर्मेशनवरून आंधळेपणाने फीड घेतलं की एक्सचेंजचा कोड आपोआप येऊन बसतो.

ग्राहक म्हणजे नेमका कोण

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून हे काम पहिल्या महिन्यात सुरू झालं पाहिजे.

कंपन्या, फंड, ट्रस्ट यांच्यासाठी एलईआय, म्हणजे संस्थेचा जागतिक ओळख कोड, लागतो. हा २० अक्षरांचा कोड असतो, रचना आयएसओ १७४४२ प्रमाणे, शेवटचे दोन अंक पडताळणीचे. एलईआय हातात येईपर्यंत फर्मने ग्राहकासाठी कळवण्याजोगा सौदा करायचाच नाही, असा दंडक आहे. ‘एलईआय नाही तर सौदा नाही’ हे वाक्य २०१७ भर सगळ्यांच्या तोंडी होतं. तरीही २० डिसेंबर २०१७ ला, म्हणजे नियम लागू व्हायच्या दोन आठवडे आधी, एस्माला सहा महिन्यांची तात्पुरती सवलत द्यावी लागली, कारण हजारो ग्राहकांकडे कोड नव्हता. त्या सवलतीतसुद्धा फर्मने ग्राहकाकडून आवश्यक कागद घेऊन त्याच्या वतीने एलईआयचा अर्ज करायचा, अशी अट होती. अशी सवलत पुन्हा मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

एलईआय नुसता साठवून भागत नाही. तो ग्लाइफ या एलईआय सांभाळणाऱ्या संस्थेच्या जागतिक यादीत आहे का, आणि तो याच ग्राहकाचा आहे का, हे दोन्ही तपासायचं. दुसरी तपासणी यंत्र करत नाही. उपकंपनीच्या खात्यावर मूळ कंपनीचा एलईआय टाकला तर सगळ्या पडताळण्या पार होतात, रिपोर्ट स्वीकारला जातो आणि चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. फंडांच्या बाबतीत छत्री फंडाचा कोड उपफंडाला लावण्याची खोड सर्रास दिसते. नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता ग्लाइफच्या नोंदीशी माणसाने एकदा ताडून पाहावा. फर्मचा स्वतःचा एलईआय दरवर्षी नूतनीकरण करून चालू ठेवणं बंधनकारक आहे. तो ‘लॅप्स्ड’ झाला तर त्या दिवशीचे सगळेच रिपोर्ट परत येतात. नूतनीकरणाची आठवण एकाच माणसाच्या मेलबॉक्समध्ये ठेवू नका.

माणसांचं प्रकरण याहून किचकट. प्रत्येक देशाच्या नागरिकासाठी कुठला ओळख क्रमांक वापरायचा याचा तक्ता आरटीएस २२ च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, अग्रक्रमासह. इटलीच्या नागरिकाला फिस्कल कोड, स्पेनच्या नागरिकाला कर क्रमांक, आणि या दोन्ही देशांसाठी दुसरा पर्यायच नाही. पोलंडला आधी पेसेल हा राष्ट्रीय ओळख क्रमांक, नाहीतर कर क्रमांक. नेदरलँड्सला आधी पासपोर्ट, मग राष्ट्रीय ओळखपत्र, मग कॉन्कॅट (नाव आणि जन्मतारीख जोडून बनवलेला कोड, रचना पुढे आहे). जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया, आयर्लंड यांना थेट कॉन्कॅट. तक्त्यात नसलेल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना पासपोर्ट क्रमांक, आणि तो नसेल तरच कॉन्कॅट.

इथे आधी नागरिकत्व माहीत असावं लागतं. बहुतेक फर्मच्या डेटाबेसमध्ये असतो तो राहण्याचा देश किंवा कर भरण्याचा देश. नागरिकत्व कधी विचारलेलंच नसतं. लक्झेंबर्गमध्ये राहणाऱ्या इटालियन ग्राहकाचा कॉन्कॅट बनवला जातो, लागतो मात्र फिस्कल कोड. आणि दुहेरी नागरिकत्व? युरोपियन आर्थिक क्षेत्रातलं एक आणि बाहेरचं एक असेल तर आतलं धरायचं. दोन्ही आतली असतील तर देशांच्या दोन अक्षरी आयएसओ कोडांच्या इंग्रजी वर्णक्रमात जो आधी येतो तो. जर्मन-इटालियन ग्राहक असेल तर जर्मनीचा डीई हा कोड इटलीच्या आयटी या कोडाच्या आधी येतो, म्हणून तो जर्मन, म्हणून कॉन्कॅट. त्याचा फिस्कल कोड फाइलमध्ये नीट नोंदलेला असला तरी वापरायचा नाही. रिलेशनशिप मॅनेजरला हे पटवणं कठीण जातं, म्हणून निर्णय त्याच्यावर सोडू नका. सगळी नागरिकत्वं गोळा करा आणि निवड कोडमध्ये करा.

कॉन्कॅट म्हणजे देशाचा कोड, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आठ आकडी जन्मतारीख, पहिल्या नावाची पाच अक्षरं आणि आडनावाची पाच. एकूण २०. अक्षरं कमी पडली तर हॅश चिन्हाने भरायचं. ‘वु’सारख्या दोन रोमन अक्षरी आडनावापुढे तीन हॅश येतात. डॉक्टर, प्रोफेसर अशा उपाध्या काढायच्या. सुटे लिहिले जाणारे ‘व्हॅन’, ‘फॉन’, ‘दे’ यांसारखे उपसर्ग काढायचे. नावाला जोडून येणारे ठेवायचे, त्यातलं अपॉस्ट्रॉफी तेवढं जातं. मात्राचिन्हं असलेली अक्षरं साध्या ए ते झेडमध्ये बदलण्याचा ठरावीक तक्ता आहे. तोच वापरायचा, पासपोर्टच्या खालच्या पट्टीतलं स्पेलिंग नाही. नावाचे दोन रकाने वेगळे नसतील, सगळं नाव एकाच रकान्यात ठेवलेलं असेल, तर कॉन्कॅटच्या आधी तो डेटा हाताने वेगळा करावा लागतो. एका ग्राहकाला कायम एकच कोड मिळाला पाहिजे, कारण नियामक त्याच कोडवरून वेगवेगळ्या ब्रोकरांकडचे त्याचे सौदे जोडतो. एका फर्मने उपसर्ग ठेवला आणि दुसरीने काढला, की नियामकाच्या पडद्यावर ती दोन माणसं होतात.

पासपोर्टवर आधारलेल्या कोडांची आणखी एक अडचण: पासपोर्ट नवा झाला की क्रमांक बदलतो. मुदतीची तारीख साठवा आणि तिच्या आधी दोन-तीन महिने ग्राहकाकडे विचारणा जाईल अशी सोय करा. संयुक्त खात्यात सगळे खातेदार लागतात. पहिल्या नावावर भागवू नका. अज्ञान मुलाच्या खात्यात खरेदीदार मूलच असतं, आणि पालक निर्णय घेणाऱ्याच्या रकान्यात जातो.

निर्णय कोणाचा

नियामकाला फक्त कोणी घेतलं हे नको असतं, कोणी ठरवलं हेही हवं असतं. त्यासाठी तीन वेगळे रकाने आहेत आणि त्यांची गल्लत होते. बाराव्या रकान्यात खरेदीदाराच्या वतीने निर्णय घेणारा: मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती, किंवा विवेकाधीन व्यवस्थापन असेल, म्हणजे ग्राहकाच्या वतीने फर्मच ठरवत असेल, तर खुद्द फर्मचा एलईआय. सत्तावन्नाव्या रकान्यात फर्मच्या आत गुंतवणुकीचा निर्णय घेणारा माणूस किंवा अल्गोरिदम. एकोणसाठाव्या रकान्यात सौदा कुठे, कसा करायचा हे ठरवणारा.

बारावा रकाना फर्मच्या एलईआयने भरला की सत्तावन्नावा रिकामा राहू शकत नाही. उलट ग्राहकाने स्वतः ठरवून ऑर्डर दिली असेल तर सत्तावन्नाव्यात सल्लागाराचं नाव घालायचं नाही. निर्णय समितीने घेतला तर? जबाबदार कोण हे फर्मने आधीच लेखी निकषांनी ठरवून ठेवायचं असतं. सौद्यानंतर ‘त्या दिवशी बैठकीत कोण होतं’ हे शोधून चालत नाही. अल्गोरिदमचा कोड कायम एकच हवा, आणि बंद केलेल्या अल्गोरिदमचा कोड नव्याला द्यायचा नाही. डेव्हलपर लोकांना हे सांगितलेलं नसतं. एकोणसाठाव्या रकान्यात ‘नोर’ हा कोड घालता येतो, पण अंमलबजावणीच्या सूचना बाहेरून, उदाहरणार्थ ग्राहकाकडून, आल्या असतील तेव्हाच. ‘ट्रेडर माहीत नाही’ याची पळवाट म्हणून तो वापरलेला दिसला की समजावं, ऑर्डर मॅनेजमेंट सिस्टिममध्ये लॉगिन सामायिक आहेत.

ट्रेडरांचेही राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतात. ते ट्रेडिंग सिस्टिममध्ये ठेवू नका. तिथे एक अंतर्गत कोड असावा, आणि खऱ्या क्रमांकाशी त्याची जोडणी रिपोर्ट पाठवण्याच्या क्षणी, मर्यादित लोकांना उघडणाऱ्या वेगळ्या तक्त्यातून व्हावी.

एकत्रित ऑर्डर

तीन ग्राहकांसाठी मिळून १०,००० शेअर एक्सचेंजवर एका फटक्यात घेतले. वाटणी ५,०००, ३,००० आणि २,०००. फर्म एक्सचेंजची सदस्य आहे. रिपोर्ट चार होतात. बाजाराच्या बाजूचा एक: खरेदीदाराच्या जागी ‘आयएनटीसी’ हा कोड, विक्रेत्याच्या जागी निनावी बाजारात मध्यवर्ती क्लिअरिंग संस्थेचा एलईआय, संख्या १०,०००, व्हेन्यू एक्सचेंजचा मिक कोड. मग ग्राहकांच्या बाजूचे तीन: विक्रेता आयएनटीसी, खरेदीदार तो-तो ग्राहक, व्हेन्यू एक्सऑफ, वेळ बाजाराच्या रिपोर्टचीच.

आयएनटीसी हे कोणाचंही खातं नाही, सोयीसाठी मानलेला पूल आहे. त्यात आलेलं सगळं बाहेर गेलंच पाहिजे. दिवसाअखेर प्रत्येक आयसिनसाठी त्याची बेरीज शून्य येते का, ही तपासणी लिहायला अर्धा दिवस लागतो आणि ती असंख्य चुका पकडते: वाटणी दुसऱ्या दिवशी झाली, एका ग्राहकाचा रिपोर्ट रिजेक्ट झाला, बाजाराची बाजू दोनदा गेली. एकाच ग्राहकाची ऑर्डर एकाच सौद्यात पूर्ण झाली असेल तर आयएनटीसीची गरज नाही; एकच रिपोर्ट, ग्राहक आणि बाजार दोन्ही त्यातच.

भाव, संख्या, वेळ

भावाच्या रकान्यात दलाली आणि साचलेलं व्याज धरायचं नाही. बाँडचा भाव बहुधा टक्क्यांत असतो, ९८.४५ टक्के हे ९८.४५ युरो म्हणून गेलं तरी फाइल स्वीकारली जाते. लंडनच्या शेअरचा भाव पेन्समध्ये येतो, रिपोर्टमध्ये पौंड लागतात. भागाकार राहिला तर भाव शंभरपट. एकाच आयसिनच्या आदल्या दिवशीच्या भावाशी तुलना करून दहापट किंवा शंभरपट फरक आला तर रिपोर्ट थांबवायचा, इतकी साधी चाळणी पुरते.

वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर एक तासाने पुढे गेलेले रिपोर्ट हा दरवर्षीचा प्रकार आहे, आणि बाजार उघडण्याआधी किंवा बंद झाल्यावर सौदा झाल्याचं दाखवणारे रिपोर्ट नियामकाच्या नजरेत चटकन येतात. घड्याळांचा वेगळा नियम आहे: हाय फ्रिक्वेन्सी ट्रेडिंग करणाऱ्यांचं घड्याळ यूटीसीपासून १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त ढळता कामा नये, इतर अल्गोरिदम ट्रेडिंगला १ मिलिसेकंद, फोनवरच्या सौद्यांना १ सेकंद. सिस्टिममध्ये नेमक्या कुठल्या बिंदूवर वेळेचा शिक्का बसतो हे लिहून ठेवायचं आणि वर्षातून एकदा तरी तपासायचं. सर्व्हर एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या यंत्रणेला) जोडलेत एवढं सांगून भागत नाही. विचलन मोजल्याची नोंद दाखवावी लागते.

पाठवल्यावर

बहुतेक फर्म एआरएममार्फत, म्हणजे रिपोर्ट पोचवणाऱ्या मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत, पाठवतात. एआरएमचा दोष असेल तर जबाबदारी त्याची, पण फर्मने दिलेल्या डेटाच्या अचूकतेची जबाबदारी फर्मचीच राहते. नियामक जर्मनीचा बाफिन असो, फ्रान्सचा एएमएफ असो वा नेदरलँड्सचा एएफएम, परत येणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक रिपोर्टची स्थिती असते. फर्ड्समध्ये साधन सापडलं नाही तर रिपोर्ट काही दिवस प्रलंबित राहतो, तोवर यादी दुरुस्त झाली तर स्वीकारला जातो. रिजेक्ट झालेला दुरुस्त करून पुन्हा ‘न्यूट’ (नवा रिपोर्ट) म्हणून पाठवायचा. स्वीकारलेल्यात चूक निघाली तर आधी मूळ संदर्भ क्रमांकासह ‘कॅन्क’ (रद्द), मग नवा. कॅन्क न पाठवता नवाच पाठवला की एक सौदा दोनदा दिसतो.

रिजेक्शनची रांग रोज कोण उघडतं, त्याच्या सुट्टीत कोण, आणि ग्राहकाच्या डेटाची चूक असेल तर कोणाला फोन करायचा, हे नावानिशी ठरलेलं असावं. मुदत पुढच्या कामाच्या दिवसाची आहे. ऑपरेशन्सने सकाळी पाहिलं आणि कम्प्लायन्सने दुपारी मेल केला की दिवस संपतो.

पण रिजेक्ट होणारे रिपोर्ट हे बरे रिपोर्ट, निदान आवाज तरी करतात. घातक ते स्वीकारलेले आणि चुकीचे. त्यांच्यासाठी आरटीएस २२ च्या कलम १५ मध्ये ताळमेळाची सक्ती आहे: फ्रंट ऑफिसच्या नोंदी नियामकाने दिलेल्या नमुन्याशी नियमित पडताळायच्या, नियामक नमुने देत नसेल तर पाठवलेल्या रिपोर्टांशी. यात एक हमखास पळवाट काढली जाते. फ्रंट ऑफिसच्या ऐवजी रिपोर्टिंग डेटाबेसमधून नोंदी काढल्या जातात, आणि मग सगळं जुळतं, कारण दोन्ही बाजूंना तीच चूक असते. नोंदी ट्रेडिंग सिस्टिमच्या मूळ लॉगमधूनच घ्या. तुलना दोन्ही दिशांनी करा, म्हणजे न पाठवलेलेही सापडतात आणि जादाचेही. नमुन्यात घड्याळ बदलल्यानंतरचा पहिला सोमवार, महिन्याचा शेवटचा दिवस, आणि फर्ममध्ये नवं साधन किंवा नवा डेस्क सुरू झाल्याचा आठवडा हटकून घ्या. चूक सापडली तर ती कधीपासून आहे हे आधी शोधायचं, नियामकाला विनाविलंब कळवायचं, आणि दुरुस्त रिपोर्ट पाठवायचे. ऑर्डर आणि सौद्यांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या असतात, तेव्हा मागे जायला डेटा नाही असं म्हणता येत नाही.

वेळापत्रक आणि पुढचे बदल

नव्याने परवाना घेणाऱ्या किंवा नवा व्यवसाय सुरू करणाऱ्या मध्यम आकाराच्या फर्मने बारा महिने धरावेत. पहिल्या महिन्यात दोन गोष्टी एकदम: ग्राहकांकडून नागरिकत्व, ओळख क्रमांक, एलईआय मागवणं, आणि सौद्याच्या प्रत्येक वाटेचा नकाशा काढणं, म्हणजे कोणती ऑर्डर कुठून येते, कोण ठरवतं, कुठे पूर्ण होते. अशा वाटा दहा-पंधरा निघतात. प्रत्येक वाटेसाठी अपेक्षित रिपोर्ट हाताने लिहून काढा, ६५ च्या ६५ रकाने. हे कंटाळवाणं काम कोडिंगच्या आधी झालं तर निम्मे वाद तिथेच मिटतात. तिसऱ्या ते सातव्या महिन्यात बांधणी, आठव्यापासून एआरएमच्या चाचणी यंत्रणेत खऱ्या सौद्यांच्या प्रती, शेवटचे दोन महिने रोजच्या रोज समांतर. दहाव्या महिन्यातही ज्या ग्राहकांचे क्रमांक आले नाहीत त्यांची खाती सौद्यांसाठी बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे संचालक मंडळाने आधी ठरवावं. विक्री विभाग त्या दिवशी कबूल होणार नाही.

ब्रिटनमध्येही शाखा असेल तर लक्षात ठेवा, की ब्रेक्झिटनंतर तिथली मिफिरची आवृत्ती वेगळी, एफसीएची फर्ड्स यादी वेगळी. एकच नियमसंच दोन्हीकडे चालवू नका.

आणि नियम बदलत आहेत. रेग्युलेशन २०२४/७९१ ने मिफिरमध्येच सुधारणा केल्या, तो २८ मार्च २०२४ ला अमलात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एस्माने आरटीएस २२ च्या बदलांवर सल्लामसलत सुरू केली, त्यात एक्सएमएलच्या जागी जेसन या फाइल स्वरूपाचा प्रस्तावही होता. जून २०२५ मध्ये तिनेच मिफिर, एमिर (डेरिव्हेटिव्ह) आणि एसएफटीआर (सिक्युरिटीज फायनान्सिंग) या कायद्यांखालच्या रिपोर्टिंगमधला दुहेरी बोजा कमी कसा करायचा याबद्दल मतं मागवली. रकाने किती राहतील, फाइल कुठल्या रूपात जाईल यावर पैज लावण्यात अर्थ नाही. सौद्याची मूळ माहिती, म्हणजे कोणी, कोणासाठी, कोणाच्या निर्णयाने, काय, किती, कधी, एका थरात ठेवा आणि रिपोर्टचं रूप वेगळ्या थरात. प्रत्येक नियमाला लागू होण्याची तारीख जोडा, म्हणजे मागच्या वर्षीच्या सौद्याच्या दुरुस्तीला मागच्या वर्षीचा तर्क लागतो. आणि हाताने लिहिलेले ते दहा-पंधरा नमुना रिपोर्ट टाकून देऊ नका. बदल आला की पहिली चाचणी त्यांच्यावरच चालवायची आहे.